दुसऱ्याला धरा

कल्लाप्पा जिवंत होता तोवर गावात त्याला कुणी चांगलं म्हटलं नाही. मेल्यावर वाईट म्हणायला कुणी तयार नाही. त्याच्या दिवसकार्याला पंचायतीचा अध्यक्ष उभा राहून म्हणाला, "कल्लाप्पा म्हणजे देवमाणूस." मी समोरच चटईवर बसले होते. कल्लाप्पा देवमाणूस नव्हता. त्याने माझ्या पोराचा, बापूचा, पाय लोखंडी पहारीने मोडला. चुकून नाही, नेम धरून मोडला. आणि त्याला वीस वर्षं कोंबड्या मीच पुरवल्या. तेव्हा त्याच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहावं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण अक्षर चांगलं आहे, आणि मला खोटं गोड लिहिता येत नाही.

आमचं गाव निपाणीहून सदलग्याकडे जाताना लागतं. काळी जमीन, ऊस, तंबाखू, आणि आता घरटी दोन-चार म्हशी. विहिरी जुन्या आणि खोल. म्हशी वाढल्या तशा गोबर गॅसच्या टाक्या आल्या, शेणाच्या टाक्या आल्या. घराघरात संडास झाले, त्यांच्या बंद टाक्या आल्या. माणूस आत गेला तर वरून दिसू नये अशा जागा गावात फार झाल्या. कल्लाप्पाचा धंदा या जागांचा. विहिरीचा गाळ काढायचा, टाकी उपसायची, आत अडकलेला पंप सोडवायचा.

अंगाने वाळका, उंच, डोक्याला टोपी, मान पुढे काढून चालायचा. सायकलच्या मागे एक डालगं बांधलेलं, त्यात एक कोंबडी. हँडलला दोराचं वेटोळं आणि एक गळ. विहिरीत पडलेली घागर काढायला चार आकड्यांचा गळ असतो ना, तसाच, पण मोठा. निपाणीच्या लोहाराकडून त्याने मुद्दाम करून घेतला होता. तो गावात शिरला की पोरं ओरडायची, "कोंबड्या आला, कोंबड्या आला." तो पोरांना दगड मारायचा. लागेल असा मारायचा.

पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा मी विचारलं, "कापाय पायजे का पाळाय?"

"माराय पायजे," तो म्हणाला. "सुरी न लावता."

कोंबडीचं काम असं होतं. विहीर असो, टाकी असो, झाकण काढून कोंबडी डालग्यासकट दोराने खाली सोडायची. वर बसून मोठ्याने शंभरपर्यंत आकडे मोजायचे. कोंबडी फडफडत वर आली तर माणसाला दोर बांधायचा. मान टाकून आली तर त्या दिवशी काम बंद. मेलेली कोंबडी तो स्वतः खात नसे आणि दुसऱ्याला खाऊ देत नसे. बांधावर पुरायचा.

मी त्याला अंडी बंद केलेलीच कोंबडी द्यायची. घालणारी कोंबडी मरायला कशाला द्यायची? तो तिला पोटाखाली चाचपून बघायचा. "म्हातारी दिलीस न्हवं, तानाक्का? दे. म्हातारी आदी मरती. ते बरं हाय." बदल्यात दर उन्हाळ्यात माझ्या परसातल्या आडाचा गाळ काढून द्यायचा.

त्याच्या हाताखाली कामाला येणारी माणसं टिकत नसत. आत जायच्या आधी तो प्रत्येकाला काठावर उभा करायचा आणि चौकशी करायचा. एकदा आमच्याच आडावर संजू नावाचा माणूस आला होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"बायकोचं नाव काय?"

"ते कशाला पायजे?"

"सांगाय जावं लागतंय. तू काय जाणार न्हाईस, मीच जाणार. आदी कुणाच्या दारात जाऊ, आईच्या का बायकोच्या?"

"असं वंगाळ काय बोलतोस गा सकाळच्या पारी?"

"वंगाळ न्हाय, इचारतोय. बायको पैली का आई पैली? का वाटंत जी गावंल तिला सांगू?"

संजू दोर टाकून घरी गेला. मी कल्लाप्पाला म्हटलं, "आता गाळ कोण काढणार?" तो म्हणाला, "जो पळून गेला न्हाय त्यो. पळणारा मानूस वर बरा असतोय."

दोर तो कमरेला बांधू देत नसे. कमरेला बांधला की मढं घडी घालून वर येतं आणि मध्येच अडकतं, असं त्याचं म्हणणं. काखेतून, छातीवरून बांधायचा. बांधून झाला की न सांगता हिसडा द्यायचा. माणूस तोंडावर पडायचा. पडला आणि गाठ सुटली नाही तर म्हणायचा, "गाठ चांगली हाय." माणसाचं तोंड फुटलं का ते बघत नसे.

आमच्याकडे टाकीचं झाकण काढलं की माणसं नाकाला पदर लावून, पंचा लावून लांब उभी राहतात. घटकाभराने कुणीतरी काठावर जाऊन हुंगतं आणि म्हणतं, "गेला वास." मग आत जातात. ही आमच्या सगळ्यांची अक्कल. मीही तेच धरून चालले होते. कल्लाप्पा म्हणायचा, "वास येतोय तवर नाक जितं हाय. वास गेला म्हंजे आदी नाक मेलं. मागनं तू." लोक हसायचे. म्हणायचे, याची कोंबडी शहाणी आणि आमचं नाक येडं.

आणि एक शब्द त्याच्यासमोर चालत नसे. उतर. त्याची बायको रत्नाक्का चुलीवरचा भात 'उतर' म्हणत नसे, 'काढ' म्हणायची. बसच्या कंडक्टरने "उतरा, उतरा" केलं की हा जागेवर बसून राहायचा, पुढच्या थांब्याला आपल्या मनाने खाली यायचा आणि तेवढं अंतर मागे चालत यायचा. लोकांना वाटायचं, डोक्याने गेलेला आहे.

कारण त्याने मला एकदाच सांगितलं. मी कोंबडीच्या पायांना दोरी बांधत होते, तो ओट्यावर बसला होता. न विचारता बोलायला लागला. तिघे भाऊ. दादू थोरला, मारुती मधला, हा धाकटा, सोळा-सतरा वर्षांचा. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फार खाली गेलं, म्हणून इंजन आतल्या टप्प्यावर नेऊन बसवलं होतं. धूर वर येईना, आतच कोंडला. दादू इंजन बंद करायला आत गेला आणि टप्प्यावर बसला. झोप लागल्यासारखा बसला.

"मारुती भेकड हुता," कल्लाप्पा म्हणाला. "कडंला उभा ऱ्हाऊन रडाय लागला. मी म्हनालो, बघतोस काय बाईगत, उतर. मी लहान. तरी ऐकलं त्यानं माझं."

"मग?"

"मग काय. दादूच्या शेजारी जाऊन बसला."

"आणि तू?"

"मी निघालो हुतो की. आईनं मागनं झिंज्या धरल्या. मान वडली मी, सोडल्या न्हाईत तिनं." त्याने टोपी काढली, मान खाली केली. डोक्यावर मागच्या बाजूला एक चकता होता, केस नसलेला, गुळगुळीत. "हे तिच्या मुठीतलं. पुन्यांदा आलंच न्हाईत. बघ, किती बारका हात हुता तिचा."

मी दोरीची गाठ आवळली. त्याने टोपी घातली, कोंबडी घेतली आणि गेला.

त्याचं एक ओरडणं होतं, ते यातून आलं होतं. कुणी आत पडलं की सगळं गाव पडलेल्याच्या नावाने ओरडतं. कल्लाप्पा ओरडायचा, "दुसऱ्याला धरा." पहिला गेला, तो आता आपला नाही. दुसरा अजून वर आहे, त्याला धरा. भाऊ असेल, बाप असेल, त्याला पाडा, बांधा, पण धरा. आजूबाजूच्या गावांत अशी माणसं जोडीने, तिघं तिघं गेलेली सगळ्यांनी ऐकली होती. पण हे ओरडणं कानाला बरं लागत नाही. मरणाऱ्याला सोडा म्हटल्यासारखं वाटतं. तसंच होतं ते.

सदलग्याजवळ एका जैन शेतकऱ्याच्या मळ्यात गोबर गॅसची टाकी साफ करायची होती. घर मोठं, माणसं सरळ. तिथली म्हातारी, तिला सगळे आक्का म्हणत, तिने डालगं बघितलं आणि विचारलं, "ही कशाला?" याने सांगितलं. म्हातारी पायरीवरून खाली आली. "माझ्या मळ्यात कोंबडी मारायची न्हाय."

"मग मानूस सोडू?"

"मानूस बी नगं."

"आक्का, कायतरी एक सोडावं लागंल. तुमचा ल्योक म्हनतोय दिवा सोडा. दिवा सोडला तर गॅस पेटंल. गोठा जाईल, तुमचा ल्योक बी जाईल."

"काय सोडायचं ते तू बघ. जीव सोडायचा न्हाय."

कल्लाप्पा चिडून दिवसभर बांधावर बसून राहिला. संध्याकाळी त्यांची जेवणं उन्हातच उरकली, त्यालाही बोलावलं, तो गेला नाही. तिथे मळणीचा पंखा होता, धान्य वारवायचा, मोटारीवरचा. त्याकडे बघता बघता त्याच्या डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने पंखा टाकीपासून लांब ठेवला, त्याच्या तोंडाला पोत्यांचा नळीसारखा लांब बोळ शिवून लावला आणि बोळाचं दुसरं टोक टाकीच्या तळाशी सोडलं. दुपारपर्यंत वारा घातला. मगच छातीला दोर बांधून स्वतः आत गेला आणि वर आला. तिथून पुढे प्रत्येक कामाला पंखा आधी आणि कोंबडी मागून. कोंबड्या मरायच्या कमी झाल्या. माझ्याकडे तीन-तीन महिने यायचा नाही.

आला तेव्हा म्हणाला, "तानाक्का, इतकी वर्सं मानसं आत सोडली. मानसासाठी कुनी पंखा काढला न्हाय. कोंबडीसाठी काढला."

"चांगलं झालं की."

"व्हय. चांगलंच झालं. कोंबडीचं."

मग त्याला पाट्यांचा नाद लागला. गावातल्या प्रत्येक टाकीवर पाटी पाहिजे, आत जाऊ नका. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून माझ्याकडे पत्रा आणि रंग घेऊन आला. मी मराठीत लिहिलं आणि खाली शाळेतल्या मास्तरकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं. पहिली पाटी पंचायतीच्या टाकीवर खांब रोवून लावली. दोन दिवसांत माणसं जमली. काही म्हणाली, कन्नड वर पाहिजे. काही म्हणाली, मराठी वर आहे ते बरोबर आहे. दोन्हीकडची माणसं टाकीच्या झाकणावर उभी राहून भांडत होती. झाकण फुटकं होतं. रात्रीत कुणीतरी दोन्ही भाषांवर डांबर फासलं, म्हणजे ते भांडण तरी मिटलं.

कल्लाप्पाने पाटी उपटली आणि त्याच खांबाला एक मेलेली कोंबडी पाय वर करून टांगली. चार दिवस टांगलेली होती. वास सुटला तेव्हा अध्यक्षाने बोलावून घेतलं.

"काढ ती घाण."

"पाटी हाय ती."

"ही कसली पाटी?"

"दोनी भाषांत वाचता येती."

असा माणूस. त्याच्या घरात त्याचं हसू होत होतं ते वेगळंच. त्याचा मुलगा सुरेश, माझ्या बापूच्या बरोबरीचा, दोघं शाळेपासूनचे जोडीदार. सुरेश दहावी झाला, ट्रॅक्टर घेतला, त्याला शेण उपसायचा पंप जोडला. टाक्यांचंच काम, पण बाहेरून. नळी आत सोडायची आणि उपसायचं. त्याला बापाची लाज वाटायची. 'कोंबड्याचा पोरगा' म्हटलेलं त्याला खपत नसे. त्याचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं, तेही तो बापाच्या डालग्यावर घालायचा.

गावाच्या वरच्या अंगाला एकाचा मोठा गोठा आहे. नाव लिहीत नाही, त्याची बायको माझ्याकडून अंडी नेते. त्याची शेणाची टाकी भरली होती, सुरेशला उपसायला बोलावलं. सोबत बापू गेला. मी अंडी द्यायला तिकडेच गेले होते, मागल्या दारात त्याच्या बायकोशी बोलत उभी होते. पंपाच्या तोंडात उसाचं वाडं, शेंड्याचा पाला, अडकलं. त्यांनी बांबूने शेण ढवळून बघितलं, बराच वेळ ढवळलं. ढवळलं की आतला गॅस उठतो, हे कल्लाप्पाने पोराला शंभरदा सांगितलेलं. वासाने आम्ही मागल्या दारातसुद्धा पदर लावले. मग वास गेला.

मालक म्हणाला, "गेला बघ वास. चार पायऱ्या तर हायत. पटकन उतर आणि काढ."

हे मला बापूने नंतर सांगितलं. बापू सुरेशला म्हणाला होता, "आप्पास्नी बोलवूया. पलीकडच्या मळ्यात तर हायत."

"आणि कोंबडी सोडून आकडं मोजत बसू? ऱ्हाऊ दे," सुरेश म्हणाला. "गाव हसंल."

चौथ्या पायरीवर त्याने वळून वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बसला. मग तोंडावर शेणात गेला.

ओरडा ऐकून मी पुढे धावले. गोठ्यातले गडी, शेजारच्या मळ्यातली माणसं, सगळी जमली. "उतरा रं कुनीतरी, उतरा," असं सगळे ओरडत होते आणि सगळे बापूकडे बघत होते, कारण तो जोडीदार. बापूने पायातल्या चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. का काढल्या ते त्याला आजही सांगता येत नाही. देवळात जाताना काढतो तशा काढल्या. एक पाय पहिल्या पायरीवर टाकला.

कल्लाप्पा कुठून आला ते मला दिसलं नाही. सायकल आडवी पडलेली दिसली, डालग्यात कोंबडी कलकलत होती. झाकण उचलायची पहार भिंतीला टेकवून ठेवली होती, ती त्याने उचलली आणि बापूच्या वरच्या पायावर, गुडघ्याखाली हाणली. ऊस मोडताना होतो तसा आवाज आला. बापू बाहेरच्या बाजूला पडला. कल्लाप्पा त्याच्या छातीवर बसला आणि तिथूनच ओरडला, "पंखा आना. दोर आना. कोन म्होरं आला तर त्याचा बी मोडीन."

मी त्याला मागून धरलं. टोपी कधीच पडली होती. दोन्ही हातांनी केस धरून ओढले. मला वाटलं, पोराच्या दुःखाने माणूस पिसाळला आणि माझ्या पोराला मारतोय. मी म्हटलं, "सोड माझ्या पोराला. तुझं पोरगं आत मरतंय, तिकडं जा की."

तो ओरडला नाही. हळू म्हणाला, "ते मेलंय. हे जितं हाय. ह्याला धर, तानाक्का."

मी बापूला धरलं नाही. चप्पल काढून कल्लाप्पाच्या तोंडावर मारली. किती मारली ते मोजलं नाही. एका हातात त्याचे मूठभर केस आले होते, रक्त लागलेले. तो हलला नाही. दोन गड्यांनी बापूचे हात धरले तेव्हाच तो उठला.

पंखा यायला वेळ लागला. तोवर त्याने काठावर पालथं पडून गळ टाकला. पहिल्यांदा नुसता सदरा फाटून आला. दुसऱ्यांदा हात लागला आणि सटकला. तिसऱ्यांदा गळ खांद्यात रुतला. त्याने एक हिसडा देऊन बघितलं, गाठ बघायचा तसा, आणि म्हणाला, "वडा." चौघांनी ओढून सुरेशला वर काढला, घागर काढतात तसा. कल्लाप्पाने बोटाने त्याच्या तोंडातलं शेण काढलं, तोंडाला तोंड लावून वारं घातलं. किती वेळ घालत होता. निपाणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ट्रॉलीतसुद्धा घालत होता. उपयोग झाला नाही.

कोंबडी डालग्यात जिवंत होती. त्या दिवशी तिला कुणी खाली सोडलंच नव्हतं.

रत्नाक्काने पोराला आंघोळ घालताना खांद्याची भोकं बघितली. बाहेर येऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. सगळं गाव अंगणात होतं.

"जित्या पोराला गळ लावलास?"

"मढ्याला लावला."

"मेलंय म्हनून तुला कुनी सांगितलं?"

  डॉक्टर म्हणाला, असल्या हवेत दोन श्वासांत संपतं. पण डॉक्टर तिथे नव्हता. रत्नाक्का दिवसकार्य झाल्यावर उचगावला भावाकडे गेली आणि परत आली नाही. हा तीनदा आणायला गेला. तिने दारातून बघितलं आणि आत गेली. तो मेल्यावरसुद्धा आली नाही.

गावात बोलायचं ते बोलले. बाप असून आत गेला नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी आपलं पोरगं सोडलं. तीच माणसं त्या दिवशी काठावर उभी राहून 'उतरा, उतरा' म्हणत होती, आणि त्यातल्या एकानेही चप्पल काढली नव्हती. पोलीस येऊन लिहून घेऊन गेले. गोठ्याच्या मालकाने टाकीला नवं झाकण केलं.

बापूच्या पायात बेळगावच्या दवाखान्यात सळई घातली. पाय आखूड राहिला. त्या वर्षात मी कल्लाप्पाला कोंबडी दिली नाही आणि त्याने मागितली नाही. आभार मानायला मी गेले नाही. आभार कसले मानायचे? बापू आत गेला असता तर दोन तिरड्या उठल्या असत्या, हे मला आता कळतं. त्या दिवशी कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी त्याला मारलंच असतं.

वर्षाने पंचायतीत एक मशीन आलं. मुठीत मावेल एवढं. दोरीला बांधून आत सोडायचं, वाईट हवा असली की ते ओरडतं. अध्यक्षाने त्याला हार घातला आणि फोटो काढला.

त्याच्यानंतर थोड्या दिवसांनी, सकाळी, कल्लाप्पा माझ्या दारात आला. सायकल, डालगं, गळ, सगळं होतं. तोच गळ. डालगं रिकामं होतं. बापू ओट्यावर पाय लांब करून बसला होता. वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"कोंबडी हाय का?"

मी म्हटलं, "मशीन आलंय न्हवं आता?"

"मशीन कपाटात हाय. कपाटाची किल्ली पीडीओकडं हाय." पीडीओ म्हणजे आमच्या पंचायतीचा साहेब. "पीडीओ बेळगावात हाय. कोंबडी तुझ्याकडं हाय."

मी कोंबडी धरायला परसात गेले. परत आले तर तो बापूच्या पायाकडे बघत होता.

"चालून दाखीव," कल्लाप्पा म्हणाला.

बापूने त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता हा काठी घेऊन उठतो. उठला, आणि फाटकापर्यंत चालत जाऊन परत आला.

"पळून दाखीव."

"पळता येत न्हाय. तुमास्नी ठाऊक न्हाय व्हय?"

"उडी?"

"न्हाय."

"मग चल माझ्याबरोबर. दोर धराय मानूस पायजे."

"मला लंगड्याला कशाला? गावात धडधाकट काय कमी हायत?"

"धडधाकट ठेवला की खालच्यावर बी नदर ठेवायची आनि वरच्यावर बी. माझं डोळं आता दोनीकडं पुरत न्हाईत. लंगड्याला उडी मारता येत न्हाय. असलाच पायजे."

आत सुनेच्या हातातलं भांडं आपटलं. बापूने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतोस? पाय तुझा हाय."

बापू मग खाली बसला. "थांबा," म्हणाला, "चपला घालतो."

मी कोंबडी डालग्यात टाकली. कल्लाप्पाने तिला पोटाखाली चाचपलं.

"म्हातारी दिलीस न्हवं?"

"व्हय."

"बरं केलंस."

तो सायकलवर बसला नाही. बापूला बरोबर चालता यावं म्हणून सायकल हातात धरून निघाला. असं मी म्हणते. त्याने तसं सांगितलं नाही, कदाचित चाकात हवा नसेल. आठ-दहा दिवसांनी तो आपल्या अंगणात, उघड्यावर, खाटेवर मेला. त्याच्या धंद्यातल्या माणसाला एवढी हवा मिळत नाही. बापू आता पंखा आणि दोर घेऊन एकटाच जातो, आणि मशीनची किल्ली मागायला पंचायतीत जाऊन बसतो.

मला कल्लाप्पा शेवटचा दिसला तो त्या सकाळी, पाठमोरा. पुढे तो, मागे लंगडत बापू. ऊन चढलं होतं. वळणावर त्याने घाम पुसायला टोपी काढली. डोक्यावर मागच्या बाजूला दोन चकते होते. एक जुना, बारका, त्याच्या आईच्या मुठीएवढा. दुसरा त्याच्या शेजारी, नवा, जरा मोठा. माझा हात पहिल्यापासूनच मोठा आहे.